घमेल्यातली खांदेरी



दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. मागच्या आठवड्यात तीन गटांच्या बैठका घेतल्या. बचत जमा झाली, हप्ते झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि मग तिन्ही ठिकाणी एकच विषय निघाला. पोरं आता दोन-अडीच आठवडे घरात. आपण कुणी बाजाराला जाणार, कुणी भातकापणीला, कुणी कोळंबी सोलायला, आणि पोरं मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसणार. एकीने तर विचारलंच, "ताई, एक दिवस तरी असा सांगा की पोरं दिवसभर गुंतून राहतील आणि खर्च होणार नाही."

असा दिवस आपल्याकडे आधीपासून आहे. तो म्हणजे किल्ल्याचा दिवस. नवीन काही शोधायची गरज नाही. फक्त किल्ला कुठला आणि कसा करायचा, याबद्दल मला आज थोडं बोलायचं आहे. त्यातला बराचसा इतिहास आहे. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, पण खरं सांगते, यातल्या निम्म्या गोष्टी मला कॉलेजात नाही, एका भाड्याच्या खोलीत कळल्या.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गटातल्या एका बाईने अंतर्गत कर्जातून सातशे रुपये मागितले. कारण विचारलं तर म्हणाली, पोरीला दिवाळीचा तयार किल्ला घ्यायचाय. प्लॅस्टरचे रंगवलेले किल्ले बाजारात येतात, तो. बायका हसल्या. मी हसले नाही, पण त्याहून वाईट केलं. मी भाषण दिलं. किल्ला विकत आणायचा नसतो, मातीत हात घालायचा असतो, आमच्या लहानपणी आम्ही अंगणात कसे किल्ले करायचो, वगैरे वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताय, तुमचे दारान आंगन हाय. आमचे दारान गटार हाय."

मला उत्तर सुचलं नाही. बंदराजवळ दहा बाय दहाच्या खोलीत ती राहते. दारासमोर अडीच हातांची बोळ, त्यातून गटार. तिथे माणूस आडवा झाला तर दुसऱ्याला जाता येत नाही, किल्ला कुठे करणार? कर्ज काही मंजूर झालं नाही, सणाच्या खर्चाला कर्ज द्यायचं नाही असा त्या गटाचा नियमच आहे. पण मी घरी आले ती तोच विचार करत. पोरगी तेव्हा चौथीत. चौथीचं इतिहासाचं पुस्तक म्हणजे शिवचरित्रच. वर्षभर किल्ले वाचायचे आणि दिवाळीत दुसऱ्यांच्या अंगणातले बघत फिरायचं.

आता आपल्याकडची पोरं कुठले किल्ले करतात ते आठवून बघा. रायगड, प्रतापगड, सिंहगड. डोंगर, डोंगरावर तट, मधे सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, खाली गुहेत वाघ. मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ. छानच दिसतं. पण अलिबागच्या समुद्रावर उभं राहिलं की समोर कुलाबा किल्ला दिसतो, थळला गेलं की खांदेरी-उंदेरी, मुरूडला जंजिरा आणि त्याच्या पलीकडे पद्मदुर्ग. कोर्लईचा पोर्तुगीजांचा किल्ला तर रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडावर बसलाय. एवढे किल्ले रोज डोळ्यांसमोर असताना आपली पोरं चिखलाचा डोंगर रचतात. आपल्या जिल्ह्याचं नावसुद्धा आधी कुलाबा होतं, त्या पाण्यातल्या किल्ल्यावरून पडलेलं. १ जानेवारी १९८१ पासून ते रायगड झालं. माझी सासू अजून बोलताना "कुलाबा जिल्हा" म्हणते. रायगड राजधानीचा गड, त्याचा मान मोठाच, त्यात वाद नाही. पण समुद्रातला किल्ला कसा उभा राहिला हे आपल्या पोरांना कोण सांगणार? आणि समुद्रातला किल्ला करायला अंगण लागत नाही. भांडं लागतं.

त्या बाईचा नवरा बांधकामावर जातो. घरात घमेलं होतं. आम्ही घमेल्यात खांदेरी केली.

खांदेरीच का, ते आधी सांगते. ही गोष्ट नीट ऐका, म्हणजे संध्याकाळी पोरांना सांगता येईल. पोरांना किल्ला करायला लावायच्या आधी गोष्ट सांगावी लागते, नाहीतर नुसता चिखल होतो.

थळच्या समोर समुद्रात दोन बेटं आहेत, खांदेरी आणि उंदेरी. मुंबई बंदराच्या तोंडावरची ही जागा. मुंबई तेव्हा इंग्रजांकडे, जंजिरा सिद्दीकडे. दोघांची जहाजं याच पाण्यातून ये-जा करणारी. खांदेरीवर ठाणं बसलं की दोघांवर नजर राहणार. महाराजांनी १६७२ मध्ये तिथे किल्ला बांधायचा एक प्रयत्न केला होता, तो इंग्रज आणि सिद्दी यांच्यामुळे सोडून द्यावा लागला. मग १६७९ च्या ऑगस्टच्या शेवटी, पाऊस अजून पुरता सरला नव्हता तेव्हा, मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि कामाला लागले. आधी दगड रचून नुसता कमरेएवढा आडोसा केला.

इंग्रजांना कळलं तशी त्यांनी मुंबईहून शिबाडं पाठवली. शिबाड म्हणजे मालवाहू मोठं जहाज. हुकूम असा होता की बेटाला वेढा घालून बसायचं आणि किनाऱ्यावरून काहीही पोचू द्यायचं नाही. म्हणजे लढाई तोफांची कमी आणि रसदीची जास्त. बेटावर भात पिकत नाही. तांदूळ, लाकूड, चुना, दारूगोळा, सगळं किनाऱ्यावरून यायला हवं. दिवसा इंग्रजांची जहाजं पहाऱ्याला. मग रात्री आपल्या लहान होड्या निघायच्या. जहाज मोठं, त्याला वारा लागतो, खोल पाणी लागतं, वळायला वेळ लागतो. होडी वल्ह्यांवर चालते, उथळ पाण्यातून जाते, खडकांमधून वाट काढते. सकाळी इंग्रज बघतात तो बेटावर सामान पोचलेलं आणि भिंत आणखी वर चढलेली. मोठ्या जहाजांनी या होड्यांचा पाठलाग करून उपयोग होत नाही, हे मुंबईच्या इंग्रजांनी स्वतःच हैराण होऊन लिहून ठेवलंय.

सप्टेंबरात बेटावर उतरायचा प्रयत्न करताना त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. ऑक्टोबरच्या १८ तारखेला मोठी समुद्री लढाई झाली. मराठ्यांच्या आरमाराचा सरदार दौलतखान. इंग्रजांचा कॅप्टन केग्विन, त्याचं जहाज 'रिव्हेंज'. त्या दिवशी इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं एक गुराब मराठ्यांच्या हाती लागलं. पण 'रिव्हेंज'ने मारा केल्यावर मराठ्यांच्या आरमाराला नागोठण्याच्या खाडीत मागे यावं लागलं, हेही पोरांना सांगा. आपण फक्त जिंकल्याचं सांगतो आणि मग पोरांना इतिहास खोटा वाटायला लागतो. पुढे नोव्हेंबरात सिद्दीही आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. तरीही खांदेरीवरचं काम चालूच राहिलं. शेवटी १६८० च्या सुरुवातीला खर्चाला आणि दगदगीला कंटाळून इंग्रजांनी तह केला आणि जहाजं मागे घेतली. त्याच सुमाराला सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर आपला किल्ला उभा केला. म्हणून ती दोन बेटं अशी समोरासमोर किल्ले घेऊन बसली आहेत.

हीच खांदेरी जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. मराठ्यांचे बारा किल्ले त्या यादीत आहेत, त्यात आपल्या जिल्ह्यातले दोन, रायगड आणि खांदेरी. रायगडाचे फोटो तेव्हा सगळ्यांनी टाकले. खांदेरीचा फोटो टाकणारे मला तरी फार दिसले नाहीत. आपल्या कोळी बांधवांना मात्र खांदेरीचं नाव सांगावं लागत नाही, तिथल्या वेताळाला ते पिढ्यान् पिढ्या जातात.

आता घमेल्याकडे येऊ.

आदल्या दिवशी पोरांना सामान गोळा करायला पाठवा. जांभ्याचे तुकडे, समुद्रावरचे खडे, तिसऱ्यांची शिंपलं (तिसऱ्यांचं कालवण झालं की ती शिंपलं धुऊन ठेवायची, टाकायची नाहीत), करवंट्या, माडाची सुकलेली पोय, जी मुळातच होडीसारखी असते, जुन्या वहीची पानं. लाल माती लागेल दोन-तीन ओंजळी. ज्यांच्याकडे शाडूचा गणपती घरी बादलीत विसर्जन केला असेल त्यांच्याकडे शाडू असेलच, तो याला सगळ्यात चांगला. एक अट मात्र घाला, कुणाच्या झाडाची फांदी तोडायची नाही. ही अट माझी नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राज्यकारभाराच्या सूचना लिहिल्या, 'आज्ञापत्र' म्हणतात त्याला. त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिलंय की आंबा-फणसाची झाडं आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये. कारण ती एका-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. फारच जुनं झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मग तोडावं. राज्याच्या जहाजाला जी मुभा नाही ती कागदी होडीला कशी असेल?

घमेल्याच्या मधोमध जांभ्याचे तुकडे ठेवायचे, ते बेट. त्यावर मातीचा गारा लिंपायचा. वर तट, बुरूज, एक दरवाजा. बाजूने पाणी ओतायचं. आणि इथे पहिली फजिती होते. आमची झाली. अर्ध्या तासात पाण्याने तट खायला सुरुवात केली आणि किल्ला घमेल्यात विरघळला. पोरगी रडायला आली. तिची आई म्हणाली, दगडाचा कर. मग त्या दोघींनी बाहेरून खडे आणि शिंपलं एकावर एक दाबून बसवली, माती फक्त आत. तो टिकला.

ही फजिती पोरांची होऊ द्या, आधीच सांगू नका. कारण हाच प्रश्न खऱ्या किल्लेदारांपुढे होता. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला जाऊन जवळून बघा. खालचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट येते, फटींतून आत शिरते, तिचा जोर मोडतो आणि पाणी परत निघून जातं. त्या किल्ल्याचं काम महाराजांच्या शेवटच्या काळात, १६८० मध्ये सुरू झालं आणि संभाजी महाराजांनी पुढे पुरं केलं. आता याच्या उलट मुरूडचा पद्मदुर्ग, ज्याला आपण कासा किल्ला म्हणतो. तिथे दगड चुन्यात बसवलेत. साडेतीनशे वर्षांत समुद्राच्या पाण्याने दगड झिजून आत गेलेत आणि चुना तसाच पुढे उभा आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. दगडापेक्षा चुना टिकाऊ! किनाऱ्यावर शिंपलं भाजून चुना करायची रीत होती, तेव्हा ती तिसऱ्यांची शिंपलं हातात घेऊन पोरांना हे सांगता येतं. दोन भांडी असतील तर एकात कुलाबा आणि एकात पद्मदुर्ग करायला सांगा. कुठला जास्त टिकतो ते तीच बघतील.

पद्मदुर्गाचं नाव निघालं म्हणून आणखी एक. जंजिऱ्याच्या उरावर हा किल्ला बांधायचं काम चालू होतं तेव्हा, जानेवारी १६७५ मध्ये, महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला एक पत्र लिहिलं. पद्मदुर्गासाठी ठरलेला दाणा आणि पैसा त्याने वेळेवर पोचवला नव्हता. त्या पत्रात महाराज त्याला असं काही झोडपतात की बस. तू गनिमाकडून काही खाल्लंस का, इथपर्यंत विचारतात. एवढा राग कशाचा? तलवार विसरल्याचा नाही. किराणा वेळेवर न पोचल्याचा. महिनाअखेरीला रेशन उशिरा आलं की आपण दुकानासमोर काय बोलतो ते आठवा. महाराजांना तो राग माहीत होता.

म्हणून मी सांगते, किल्ला रचून झाला की पोरांना मावळे उभे करू देऊ नका लगेच. आधी एक प्रश्न विचारा. यांना जेवायला कोण घालणार?

खांदेरीवर दीडशे माणसं. माणशी अर्धा किलो तांदूळ धरा, कष्टाची माणसं आहेत. रोजचे झाले पंचाहत्तर किलो, पाऊण क्विंटल. महिन्याचे साडेबावीस क्विंटल. आता एका होडीत किती पोती मावतील, रात्री किती होड्या जाव्या लागतील, हा हिशेब पोरांना करू द्या. मग पाणी. माणशी चार लिटर फक्त, पिण्याचं आणि भाताचं. सहाशे लिटर. दोनशे लिटरचे तीन पिंप, रोज. खारेपाटातल्या बायकांना हा आकडा समजावून सांगायला नको. टँकरची वाट बघत ज्यांनी पिंपाशी उन्हं काढलीत त्यांना किल्ल्याचा इतिहास माझ्याहून जास्त कळतो.

चारी बाजूंनी समुद्र आणि पाणी प्यायचं कुठलं? जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. कुलाबा किल्ल्यात गणपतीच्या देवळाजवळ गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. आज्ञापत्रातही हेच की किल्ला बांधण्याआधी पाणी बघावं. एका झऱ्यावर भरवसा ठेवू नये, साठवणीची टाकी, तळी बांधून घ्यावीत आणि ते पाणी जपून वापरावं. पोरांना सांगा, किल्ल्यात एक झाकण किंवा करवंटीचा तुकडा बसवा आणि तेवढंच पाणी दिवसभर पुरवा. आमच्या पोरीने नळाखालून परत भरायला हात पुढे केला तेव्हा तिच्या आईने मनगट धरलं. "इंग्रज बसलेत," म्हणाली.

मोहरी पेरायची रीत तुम्हाला माहीत आहे. एकादशीला पेरली तर लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवी होते. पण ती नुसती शोभा नव्हे. गडावरचा केरकचरा खाली टाकू नये, जाळून त्याची राख परसात घालावी आणि घरोघर भाज्या कराव्यात, हे त्याच आज्ञापत्रात आहे. मोहरीऐवजी मेथी पेरा. आठवड्या-दोन आठवड्यांत तिची चिमूटभर भाजी होते.

दुपारचं जेवण किल्ल्यावरचं करा. जे टिकतं ते. नाचणीची भाकरी, सुकट, कांदा. ज्यांच्याकडे सणाच्या दिवसांत मासळी चालत नाही त्यांनी कुळथाचं पिठलं. पोरं एरवी सुकटीला नाक मुरडतात. त्या दिवशी किल्ल्यावर दुसरं काही पोचलेलंच नाही म्हटल्यावर मुकाट्याने खातात. त्यांना वाढून किल्ल्याची रसद संपली असं जाहीर करा, म्हणजे तुमचं भांडं घासून मोकळं.

खेळायला घमेलं पुरत नाही. तेव्हा लादीवर खडूने समुद्र काढा. मधे खांदेरी, एका बाजूला थळचा किनारा. मोठ्या दोन मुलांना करवंट्या द्या, ती इंग्रजांची शिबाडं. त्यांनी सरळ रेषेतच चालायचं आणि वळताना थांबून पाच आकडे मोजायचे. लहानांच्या कागदी होड्या, कशाही वळू शकतात, पण एका वेळी चारच दाणे तांदूळ न्यायचे. दिवसा पहारा. "रात्र झाली" म्हटलं की इंग्रजांनी डोळे मिटून दहा म्हणायचे. बघा कोण जिंकतं. लहान पोरं जिंकतात तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी असतात. एरवी त्यांना कोण जिंकू देतं?

या खेळात एकदा अडचण आली तीही सांगते. आमच्या वस्तीत मुसलमान घरं आहेत, पोरं सगळी एकत्रच खेळतात. त्यातला एक मुलगा खेळ सुरू होताना मागे सरला आणि म्हणाला, मी सिद्दीकडे जाऊ का? कुणी त्याला सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच धरलं. मी म्हटलं, तू दौलतखान. महाराजांचं आरमार तुझ्या हाताखाली. तो इतका खूश झाला की पुढे तासभर सगळ्यांना हुकूम सोडत होता, शेवटी पोरं माझ्याकडे तक्रार घेऊन आली. मैत्रिणींनो, हे मी मुद्दाम सांगते. शत्रू कोण हे पोरांना ठरवू देण्याआधी आरमारात कोण कोण होतं ते सांगा. भंडारी होते, कोळी होते, मुसलमान होते. समुद्राचं काम ज्याला येत होतं तो होता.

संध्याकाळी भरती-ओहोटी करा. घमेल्यातलं पाणी पेल्याने काढलं की ओहोटी, किल्ल्याला जाणारी वाट उघडी. परत ओतलं की भरती, वाट बंद. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलवा आणि तिथीवरून भरती कशी काढायची ते पोरांना सांगायला लावा. माझ्या सासूने आमच्या मुलांना शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा, दुपारी आणि रात्री. थोडं मागेपुढे होतं. आणि अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, हेही. पोरांना पाऊणकीचा पाढा येत नाही ही वेगळी गोष्ट, पण त्या निमित्ताने येईल. मात्र ऐका, हे गणित घरात बसून करायचं. त्या भरवशावर पोरांना एकटं कुलाबा किल्ल्याकडे सोडायचं नाही. ओहोटी लागली तरी पाणी परत कधी फिरतं ते कळत नाही, आणि दरवर्षी बाहेरून आलेली माणसं तिथे अडकतात.

खर्चाचा हिशेब हवाच, नाहीतर माझी पोरी-बाळींची बैठक पुरी होत नाही. मेथीदाणा घरातला. खडू दहा रुपयांचे. महाराजांची एक मूर्ती पंचवीस रुपयांची घेतली, कुंभाराकडची. मावळे आणि नावाडी पोरीने शाडूचे स्वतः केले. एकूण पस्तीस रुपये. तिने आणखी एक मूर्ती केली होती, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. रायगडाच्या किल्ल्यात हिरकणी ठेवतात, लेकरासाठी कडा उतरलेली गवळण. तिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मी विचारलं, ही हिरकणी का? म्हणाली, नाही, ही आई. तांदूळ पाखडून होडीत ठेवायला आलीय. मी तिला किनाऱ्यावर, थळच्या बाजूला ठेवायला लावलं. दीडशे माणसांचा तांदूळ कुणीतरी कांडला-पाखडला असणारच.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी त्यांच्याकडे गेले होते. खोलीच्या दारात, गटारावर फळी टाकून त्यावर घमेलं ठेवलं होतं आणि बोळीतून जाणारं प्रत्येक माणूस वाकून बघत होतं. पोरीने बेटावर एक पणती लावली होती, दीपगृह म्हणून. खांदेरीवर दीपगृह आहे, त्याला आता कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. पण ते १८६७ मधलं. मी सवयीने चूक काढली, म्हटलं १६७९ ला दिवा नव्हता तिथे. ती म्हणाली, मग रात्री येणाऱ्या होड्यांना बेट दिसायचं कसं? मी विचार करून सांगितलं की दिवा असता तर इंग्रजांनाही दिसला असता, म्हणून अंधारातच यायच्या, खडक पाठ असलेली माणसं असायची. तिने पणती उचलली आणि किनाऱ्यावर त्या पाटीवाल्या बाईच्या पायाशी ठेवली. तिथे चालेल का, म्हणाली. मी म्हटलं, चालेल.

पाडवा-भाऊबीज झाली आणि सोमवारी नवऱ्याला घमेलं कामावर लागत होतं. तिने माती एका तेलाच्या डब्यात भरली आणि त्यात कढीपत्ता लावला. शिंपलं अजून खिडकीत आहेत. यंदा बोळीतल्या आणखी चार घरांनी घमेली मागून ठेवलीत, आणि कुलाबा कुणी करायचा यावरून आत्ताच भांडणं चालू आहेत.